काजूच्या वाटीतलं तेल भुवयांना नको

प्रश्न : काकू, मी वेंगुर्ले तालुक्यात राहते आणि गावातल्याच काजूच्या युनिटमध्ये कटिंगला जाते. वय ३७. गेल्या वर्षभरात माझ्या भुवया विरळ झाल्या, बाहेरची टोकं तर जवळजवळ गेलीच. पापण्याही गळतात आणि सकाळी त्यांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी दिसतं. सासूबाई म्हणतात एरंडेल लाव, आई म्हणते खोबरेल. नणंद मोबाइलवर बघून कांद्याचा रस नाहीतर लिंबू सांगते. मी दीड महिना रोज रात्री एरंडेल लावते आहे. युनिटमध्ये हाताला लावायला तेलाची वाटी असते, त्यातलंच थोडं बाटलीत घालून घरी आणते, वेगळं विकत कशाला घ्यायचं! आता भुवयांखाली खाज येते, कातडी लाल होऊन सोलते, पण नवा केस एक दिसत नाही. मे महिन्यात नणंदेचं लग्न आहे. हल्ली मला थकायलाही फार होतं, तोंड सुजल्यासारखं वाटतं, सगळे घामाने निथळत असतात तेव्हा मला एकटीला पंखा नको होतो. ते जाऊ दे. तेल कुठलं लावू तेवढं सांगा.

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तेलासाठी आणि दुसऱ्यांदा त्या 'ते जाऊ दे'साठी. त्याच्याकडे येतेच, पण आधी ती बाटली. आज कामावरून घरी गेलीस की ती केरात टाक. तेल ओतून, बाटली धुऊन पुन्हा दुसरं तेल भरू नकोस. बाटलीसकट जाऊ दे.

ती वाटी कशी असते ते मला ठाऊक आहे, कारण माझी मावसबहीण कित्येक वर्षं कटिंगला बसायची. यंत्राशेजारी चेपलेली ॲल्युमिनियमची वाटी, तिच्यात एरंडेल नाहीतर खोबरेल, कधी जोडीला चुलीतली राख. दर थोड्या वेळाने बोटं बुडवायची, हाताला चोळायची आणि पुढची बी धरायची. सकाळी मधासारखं दिसणारं ते तेल दुपारपर्यंत कोऱ्या चहासारखं होतं. हा रंग एरंडेलाचा नव्हे. टरफलातून उडालेलं तेल बोटांना लागतं आणि त्याच बोटांबरोबर परत वाटीत जातं. दिवस संपताना वाटीत हात राखणारं तेल किती आणि हात जाळणारं किती, हे ती वाटीच जाणे. आणि तू नेमकं तेव्हाच, घरी निघताना, बाटली भरतेस.

टरफलाच्या तेलात ॲनाकार्डिक ॲसिड आणि कार्डोल नावाची द्रव्यं असतात. नावं विसरलीस तरी चालेल. लहानपणी ओला काजू दाताने फोडायला जाऊन ओठ भाजून घेतला नाही असं पोर आपल्या बाजूला विरळा. तोच हा प्रकार. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली मंडळी. म्हणून आंब्याचा देठ मोडताना उडालेला चीक गालावर डाग पाडतो, आणि बिब्ब्याचं तेल लागलं की फोड येतात. हाताची कातडी वर्षानुवर्षं काम करून निबर झालेली असते, ती हे थोडंफार सोसते. डोळ्याभोवतीची कातडी मात्र सगळ्या अंगात पातळ. तिथे तू दीड महिना रोज रात्री हे चोळलंस. खाज येणार नाही तर काय होईल?

तेव्हा निदान दोन आठवडे भुवयांना काहीही लावायचं नाही. माझ्या यादीतलं चांगलं तेलसुद्धा नाही. सौम्य साबणाने चेहरा धू, मऊ पंच्याने टिपून घे, चोळू नकोस. पाणी सुटायला लागलं, पापणी सुजली, डोळा दुखायला किंवा अंधुक दिसायला लागलं, तर दोन आठवडे वाट न बघता डॉक्टरकडे जा. आणि एक कळकळीची विनंती : मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' म्हणून मिळते ती आपल्या मनाने लावू नकोस. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. त्याने दोन दिवसांत बरं वाटतं खरं, पण डोळ्याजवळ ते फार दिवस लागलं तर कातडी आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

कामावर तुझी स्वतःची वेगळी वाटी ठेव आणि रोज त्यात ताजं तेल घे. घाम पुसायला कमरेला वेगळा टॉवेल खोच. मनगटाने कपाळ पुसायची सवय सगळ्यांनाच असते, माझ्या बहिणीच्या कपाळावर त्याचा काळा पट्टा होता. जेवायच्या सुट्टीत आधी साबण, मग डबा, आणि साबण लागेपर्यंत डोळ्याला हात नाही.

आता सासूबाई आणि आई. दोघींचं अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणून कुणालाच 'तुमचं चुकलं' म्हणू नकोस.

केसाचं मूळ कातडीच्या आत असतं. बाहेर आपल्याला दिसतो तो केस नखासारखाच निर्जीव. तेल लागतं ते या बाहेरच्या केसाला. त्याने केस मऊ राहतो, कमी तुटतो, चमकतो. खोबरेलाची तर एक गंमत आहे. त्यात जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड असतं आणि त्याचा कण लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत थोडंसं शिरतं. आपल्याच देशात झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल ही तीन ताडून पाहिली होती. धुताना केसातून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. अर्थात तो प्रयोग डोक्याच्या केसांवरचा. तरी आईचं म्हणणं निराधार नाही एवढं त्यावरून म्हणता येतं.

एरंडेलाचं वेगळं. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास रिसिनोलिक ॲसिड, त्यामुळे ते दाट आणि चिकट. केसावर जाड थर बसतो, शेजारचे दोन केस एकमेकांना चिकटतात आणि भुवई लगेच काळीभोर, दाट दिसते. आरशात बघून वाटतं, चला, केस आले! एरंडेलाने नवे केस उगवतात हे दाखवणारा भरवशाचा पुरावा मात्र नाही.

मग इतक्या बायका 'मला गुण आला' म्हणतात त्या खोटं बोलतात का? मुळीच नाही. डोक्याचा केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो. पापणीचा आणि भुवईचा केस साधारण एक-दोन महिने वाढतो, मग थांबतो, काही महिने तसाच बसून राहतो आणि गळतो. म्हणूनच भुवया कधी वेणी घालण्याएवढ्या होत नाहीत. पार्लरमध्ये जास्त कोरल्या गेलेल्या भुवया, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर गळलेले केस तीन-चार महिन्यांत, कधी सहा महिन्यांत आपसूक परत येतात. त्याच काळात बाई रोज रात्री एरंडेल लावत असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! माझी मावशी मालवणात असायची, ती हे एका वाक्यात सांगायची : "केस काय तेलान येतत? असतत ते टिकतत." मला वाटतं, एवढं डोक्यात धरलं की तेलाचा अर्धा घोळ मिटतो.

दोन आठवड्यांनी कातडी शांत झाली की तेल लाव, जरूर लाव. माझं मत विचारशील तर खोबरेल, तेही उन्हाळ्यात वाळवलेल्या खोबऱ्याचं. पावसाळ्यात कसंबसं सुकवलेलं खोबरं काळवंडतं, त्याला बुरशी धरते, आणि त्याच्या तेलाला पहिल्या दिवसापासून एक कोंदट वास असतो. आपल्या हवेत मोठी बाटली भरून ठेवू नये. घाण्यावरून आणलेल्यातलं चार चमचे तेल छोट्या, नीट धुऊन कडकडीत वाळवलेल्या काचेच्या बाटलीत वेगळं काढ आणि ती फक्त चेहऱ्यासाठी ठेव. त्यात ओलं बोट घालू नकोस. खवट वास आला की ते दिव्याला.

सासूबाईंचा मान राखायचा असेल तर खोबरेलाच्या चार थेंबांत एरंडेलाचा एक थेंब घाल, त्याहून जास्त नको. सासूबाई घरी तेल काढणाऱ्यांतल्या असतील तर त्यांना ठाऊक असेलच : एरंडाच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळत ठेवायच्या आणि वर येणारं तेल पळीने काढून घ्यायचं. बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं. ते तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं, आणि उकळल्यावर निकामी होतं. म्हणून तेल चालतं, बी चालत नाही. मोबाइलवर कोणी कच्च्या बिया वाटून लेप लावायला सांगितला तर तो व्हिडिओ तिथेच बंद कर. (एरंडीची पेंड माडाच्या आळ्यात घालता ना? घाला, पण गुरं तिथे तोंड घालणार नाहीत एवढं बघा.)

लावायचं कसं, तर रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर. तळहातावर एकच थेंब, दुसऱ्या बोटाने चोळून कोमट करायचा. मग ते बोट भुवईवर आतून बाहेर, केसाच्या दिशेने, एकदा. भुवई ओली दिसली तर तेल जास्त झालं, ते टिपून घे. नुसती तुकतुकी दिसायला हवी. त्याआधी एकदा कोपराच्या आतल्या बाजूला तेल लावून तीन दिवस बघ. ॲलर्जीची खाज कधी कधी दोन-तीन दिवसांनी उठते, तासाभरात काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

थंडीत भुवयांखालची कातडी कोरडी पडून कोंडा सुटतो, तेव्हा मी स्वतः भिरंडेल वापरते. काही घरांत त्याला मुठेल म्हणतात. कोकमाच्या बियांचं, मुठीत दाबून वळलेलं ते फिकट गोळ्यासारखं तूप, जे आपण टाचांच्या भेगांना लावतो. ते तेलासारखं ओघळत नाही, कारण वितळायला त्याला ३८ ते ४० अंशांची ऊब लागते. त्यामुळे भुवईला लावलेलं भुवईलाच राहतं, डोळ्यात उतरत नाही. नखाच्या टोकाने खरवडून, बोटांत मळून, जेमतेम चिमूटभर. टाचांसाठी वापरलेला गोळा मात्र तोंडाला नको, हे वेगळं सांगायला नको ना?

करंजेल आणि उंडीचं तेल डोळ्याच्या आसपास आणायचंच नाही. लिंबू लावून उन्हात गेलीस तर कातडी भाजून काळे डाग पडतात, आणि लग्नाच्या फोटोत भुवयांऐवजी तेच दिसतील. कांद्याबद्दल काय सांगू? नुसता चिरताना डोळ्यांचं काय होतं ते रोज बघतेस. चाईवर, म्हणजे केस जाऊन गोल टक्कल पडतं तिथे, गुंज उगाळून लावायला सांगणारे अजून भेटतात. गुंजेचं विष एरंडाच्या विषाच्याच जातीचं. डोळ्याशेजारी तो खेळ करू नये.

पापण्यांचं प्रकरण निराळं आहे. तिथे सध्या एक थेंबही नको. केसांच्या मुळाशी दिसणारा तो कोंडा म्हणजे बहुतेक पापणीच्या कडेची सूज. पापणीच्या कडेला स्वतःच्या तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांचं पातळ तेल अश्रूंवर पसरतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. त्यांची तोंडं बुजली की कडा लाल होतात, खपल्या धरतात, रांजणवाडी येते आणि केस गळतात. आधीच बुजलेल्या तोंडांवर आणखी दाट एरंडेल थापून काय होणार, सांग बघू.

त्यावर इलाज तेलाइतकाच घरगुती आहे. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच-सात मिनिटं धरायचा, थंड झाला की पुन्हा बुडवायचा. मग वरची पापणी हलकेच वरून खाली आणि खालची खालून वर अशी कडेकडे दाबत आणायची. उकळून गार केलेल्या पाण्यात लहान बाळाच्या शाम्पूचे दोन थेंब घालून, कानात घालायच्या कापसाच्या काडीने पापणीची कड पुसायची आणि साध्या पाण्याने धुवायची. सकाळ-संध्याकाळ तीन आठवडे कर. फरक पडला नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरना दाखव. काजळही तेवढे दिवस बंद, आणि घरात सगळ्यांची मिळून एकच काजळाची डबी असेल तर ती बंदच.

पापण्यांना तेल लावायचा उद्योग मीही केला होता, म्हणून हे जरा जोरात सांगते. कॉलेजात असताना रात्री दोन्ही डोळ्यांना भरपूर एरंडेल चोपडून झोपले. सकाळी डोळे उघडले तर समोर धुकं. दोनदा तोंड धुतलं, तरी सगळं तेलकट काचेतून बघितल्यासारखं. तशीच मालवण स्टँडवर गेले, पाटीवर 'क' बघितलं आणि कणकवलीची म्हणून कुडाळच्या गाडीत बसले. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "डोळे घराक ठेवन इलंस काय गो?" अख्खी गाडी हसली. तिसऱ्या दिवशी वरच्या पापणीवर मुगाएवढी रांजणवाडी उठली ती वेगळीच. डोळे बरे झाल्यावर पुढे कधी पापण्यांना तेल लावावंसं वाटलंच, तर केसांच्या टोकांना नुसतं बोट पुसावं तितकंच, मुळाशी नाही. डोळे आलेले असताना, कॉन्टॅक्ट लेन्स असताना किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना तेही नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं असेल तर त्यांनाही सांग.

पापण्या खरोखर वाढवणारं औषध आहे, ते नणंदेच्या मोबाइलवर आज ना उद्या येईलच. बायमॅटोप्रोस्ट. मुळात काचबिंदूचे थेंब. ते घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब झालेल्या दिसल्या आणि २००८ साली अमेरिकेत त्याला पापण्यांसाठी वेगळी परवानगी मिळाली. पण त्याने पापणीची कातडी काळी पडू शकते, डोळा लाल होतो, बुबुळाचा रंगही बदलू शकतो, आणि थांबवलं की पापण्या हळूहळू मूळ पदावर. ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नव्हे. ऑनलाइन मिळणाऱ्या काही सीरममध्ये त्याच जातीची रसायनं असतात, म्हणून सीरम हा शब्द ऐकून भुलू नकोस.

आता ते 'जाऊ दे'.

भुवया सगळीकडून सारख्या विरळ झाल्या असत्या तर मी थ्रेडिंगवर, तेलावर, वयावर ढकललं असतं. तू लिहितेस, बाहेरची टोकं गेली. दोन्ही बाजूंची. जोडीला थकवा, सुजलेलं तोंड आणि आपल्या दमट उकाड्यात थंडी. खाज दीड महिन्याची आहे, टोकं जायला लागून वर्ष झालं, म्हणजे त्या वाटीने नंतर भर घातली, सुरुवात तिने केलेली नाही. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा जाणं ही थायरॉइड मंदावल्याची जुनी, डॉक्टरांच्या ओळखीची खूण आहे. तसंच असेल असं मी म्हणत नाही, कागदावरचं पत्र बघून निदान करायला मी काही वैद्य नाही. पण हे सगळं एका बाईत एकत्र दिसलं की रक्त तपासायलाच हवं. टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची, चाचणी सांग आणि सोबत हिमोग्लोबिन. आरोग्य केंद्रात डॉक्टरना भुवया दाखव, नुसतं 'अशक्तपणा आहे' म्हणून लाल गोळ्या घेऊन परत येऊ नकोस. पाळी पुढेमागे होते का, बद्धकोष्ठ आहे का, आवाज जड झालाय का, हेही त्यांना सांग, कारण ते विचारतीलच असं नाही.

थायरॉइड निघालं तर घाबरण्यासारखं काही नाही. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास, आणि अधूनमधून रक्त तपासून तिचं माप जुळवायचं. केस परतायला काही महिने जातात. ते परतले नाहीत तोवर बरं वाटत नाही असं समजून गोळी सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तू सोडू नकोस.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असा विचार केला, पण लिहिते. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, आणि तिथे स्पर्श कमी जाणवतो का, हे नीट उजेडात बघ. कुष्ठरोगातही भुवया बाहेरून विरळ होतात. या शब्दाला आपल्याकडे अजून लोक दचकतात, म्हणून दाखवायला उशीर करतात, आणि हाताबोटांचं नुकसान होतं ते त्या उशिराने. सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. चट्टा नसला तरी डॉक्टरना भुवया दाखवताना हेही एकदा विचार. गोल, गुळगुळीत टक्कल पडल्यासारखा तुकडा असेल तर ती चाई, तिच्यासाठी त्वचेच्या डॉक्टरकडे.

राहिलं लग्न. मेपर्यंत तीन महिने आहेत. थ्रेडिंग तोवर बंद, फारच विचित्र दिसणारा एखादा केस असेल तर तेवढाच चिमट्याने काढ. पार्लरवाली एकेक पापणी चिकटवून द्यायला तयार होईल, तिला नाही म्हण. तो गोंद डोळ्याला झोंबतो, त्याची ॲलर्जी होते, आणि कडा आधीच सुजलेल्या असताना तुला ते नकोच. मस्कारा लावायचा असेल तर नवा उघड, नणंदेचा वापरू नकोस. हळदीच्या रात्री कितीही दमलीस तरी तो काढूनच झोप. तो काढायला खोबरेल कापसावर घेतलंस तर चालेल, डोळे मात्र घट्ट मीट आणि नंतर तोंड धू.

भुवयांच्या टोकांना पेन्सिल घे, काळी नको, गडद तपकिरी. काळीने कोकणातल्या मेच्या घामात दुपारपर्यंत दशावतारातला संकासुर होतो माणसाचा. टोक बारीक करून, केसासारख्या सुट्या सुट्या रेघा ओढ, एक सलग रेघ नको. लग्नाच्या आठवडाभर आधी आरशासमोर दोन-तीनदा हात बसवून बघ. आणि रक्ताचा रिपोर्ट आला की टीएसएचचा आकडा मला कळव.